सिनियर गेला, ईएक्सई फाईल मागे राहिली

एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिचं तिसरं वर्ष चालू आहे. पातळ थरांचा विद्युतरोध द्रव नायट्रोजनच्या तापमानापासून खोलीच्या तापमानापर्यंत मोजणं हे तिचं रोजचं काम. सेटअपमध्ये करंट देणारा एक सोर्समीटर, सूक्ष्म व्होल्टेज मोजणारा एक नॅनोव्होल्टमीटर आणि एक टेम्परेचर कंट्रोलर आहे. पहिले दोन जीपीआयबी या मोजमाप-उपकरणांसाठीच्या केबलवर, तिसरा सिरीयल पोर्टवर. या तिघांना चालवणारा प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वी पीएचडी संपवून परदेशी गेलेल्या एका सिनियरनं व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता. आता त्याची फक्त ईएक्सई फाईल (चालवता येते, पण आतला मूळ कोड वाचता येत नाही अशी) उरली आहे आणि ती ज्या संगणकावर चालते त्याची हार्ड डिस्क हल्ली घरघरते. नव्या लायसन्सचं कोटेशन विभागाच्या कंटिंजन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चाच्या निधीत, बसत नाही. तिनं मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे पर्याय शोधायला घेतले, तर दहा नावांची यादी झाली. ज्युनियर म्हणतात, ‘पायथन घे, विषय संपला.’ गाईड म्हणतात, ‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर घेतलेल्या डेटाचा पेपर काढायचा? रेफ्रींनी विचारलं तर काय सांगणार?’ तिचे प्रश्न दोन: यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? आणि पीएचडीचे सहा महिने यात घालावेत का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लायसन्सच्या किमतीबद्दल पानभर लिहिलं आहे आणि शेवटी कंसात एक ओळ टाकली आहे: ‘सिनियरचा जुना ईमेल आता बंद आहे.’ माझ्या मते तुमची खरी अडचण त्या कंसात आहे.

समजा, त्या सिनियरनं हाच प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला असता, त्याचीही ईएक्सई बनवली असती आणि मूळ कोड स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊन विमानात बसला असता. तुम्ही आज जिथे आहात तिथेच असता. फरक एवढाच की कोटेशन आलं नसतं. तेव्हा मुक्तस्रोत घेतलं की सुटलो, हे गृहीतक आधी बाजूला ठेवू या. व्यावसायिक सॉफ्टवेअरनं तुमचं वाईट केलं, असंही मला वाटत नाही. लॅबव्ह्यूसारखी चित्रांनी प्रोग्रॅम जोडण्याची साधनं १९८६ पासून आहेत, आणि कोडची एकही ओळ न लिहिलेल्या किती तरी संशोधकांना त्यांनी मीटर जोडून दिले. ज्या लॅबमध्ये ते जाणणारी माणसं आहेत, लायसन्स चालू आहे, मूळ फाईली जपलेल्या आहेत, तिनं ते सोडावं असं मी कधीच सांगणार नाही. तुमच्याकडे या तिन्हींपैकी काहीच नाही, म्हणून तुमचं उत्तर वेगळं आहे.

आता ‘सर्वांत चांगलं कोणतं’ हा प्रश्न. त्याआधी तुमचा संगणक नेमकं काय काम करतो ते पाहा. तुम्ही मिनिटाला २ केल्विन या गतीनं तापमान चढवता असं लिहिलं आहे. ८० ते ३०० केल्विन म्हणजे ११० मिनिटं. सेकंदाला एक रीडिंग घेतलं तर एका फेरीत ६,६०० ओळी. खरं मोजमाप मीटरच्या पोटात होतं. नॅनोव्होल्टमीटर प्रत्येक रीडिंगसाठी सहसा विजेच्या मेन्सच्या निदान एका आवर्तनाइतका वेळ सरासरी घेतो, आपल्याकडे ५० हर्ट्झला तो वेळ २० मिलिसेकंदांचा. ५ आवर्तनं ठेवलीत तर १०० मिलिसेकंद. (बाहेरून आलेला मीटर कधी कधी ६० हर्ट्झवर लावलेला राहतो, तेवढं एकदा बघून घ्या. विनाकारण खरखर दिसते आणि माणूस वायरिंगला दोष देत बसतो.) म्हणजे तुमचा संगणक इथं कारकून आहे. सेकंदातून एकदा तिघांकडे जायचं, ‘काय दाखवतोस?’ विचारायचं आणि वहीत लिहायचं. या कामाला कुठलीही भाषा आणि दहा वर्षं जुना लॅपटॉप पुरतो. ‘पायथन स्लो आहे’ असं कुणी सांगितलं तर तुमच्या सेटअपपुरतं ते मनावर घेऊ नका.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या सगळ्यांना मात्र हे लागू नाही. एखाद्याला मायक्रोसेकंदाचा पल्स द्यायचा असेल, दोन उपकरणं एकाच क्षणी सुरू करायची असतील, तर ते काम साध्या संगणकावरच्या लूपकडे (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडकडे) देऊच नये. नेहमीच्या विंडोजचं घड्याळ मुळात सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतं. एक मिलिसेकंद थांब म्हटलं तरी ते किती थांबेल याची खात्री नसते. तिथे उपकरणाच्या मागच्या ट्रिगर केबलवर भिस्त ठेवायची, नाहीतर वेळ पाळणारं वेगळं हार्डवेअर घ्यायचं. अडकवलेल्या आयनांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेच्या गटासोबत तयार झालेली आर्टिक ही मुक्तस्रोत प्रणाली नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवते, पण त्यासाठी तिला स्वतःचे एफपीजीए बोर्ड (हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपचे) लागतात. तेव्हा पहिला प्रश्न वेळेचा: तुमच्या प्रयोगात क्षण कोण सांभाळतो, मीटर की संगणक?

तुमच्या सरांच्या शंकेकडे वळते. ‘फुकटचं’ हा शब्द त्यांनी वापरला, पण त्यामागे ‘बिनभरवशाचं’ हा शब्द आहे. त्यांना सांगायला तुमच्याकडे चांगली उदाहरणं आहेत. एपिक्स ही नियंत्रण-प्रणाली अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि अरगॉन या प्रयोगशाळांनी मिळून उभी केली आणि ती मुक्त आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या वेधशाळांत ती वापरतात. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली गेली तेव्हा यंत्रणेवर एपिक्स होतंच. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, हे सरांना माहीत असणारच. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) जन्मलेली टँगो ही दुसरी मुक्त प्रणाली. एसकेए या उभ्या राहत असलेल्या, जगातल्या सर्वांत मोठ्या ठरणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी तीच निवडली गेली आणि त्या कामात पुण्याच्या एनसीआरएचा, म्हणजे खोडदची जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा आहे. ही माणसं पैसे वाचवायला मुक्तस्रोताकडे गेलेली नाहीत. तीस-चाळीस वर्षं चालवायचं यंत्र एका कंपनीच्या लायसन्स-धोरणावर टांगून ठेवणं त्यांना परवडत नाही.

पण ही उदाहरणं सरांपुरतीच ठेवा. त्यावरून एपिक्स बसवायला बसू नका. हजारो सिग्नल, अनेक इमारती, चोवीस तास पाळीत काम करणारी माणसं यांच्यासाठी ती व्यवस्था आहे. तीन मीटरसाठी ती उभी करणं म्हणजे दोन खोल्यांच्या घराला धरणाचे दरवाजे बसवणं.

तुमच्या यादीतल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मायक्रो-मॅनेजर उत्तम आहे, पण ते सूक्ष्मदर्शकांसाठी. सिगरॉक लॉजिक अ‍ॅनालायझर आणि साध्या मल्टिमीटरसाठी. क्यूकोड्स हे कोपनहेगन, डेल्फ्ट, सिडनी इथल्या क्वांटम प्रयोगशाळा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून आलं. एकाच वेळी वीस व्होल्टेज बदलत मोजणाऱ्यांना ते वरदान आहे, सगळा डेटा नीट डेटाबेसमध्ये ठेवतं. पण ते शिकायला वेळ लागतो आणि तुमच्याकडे बदलणारी गोष्ट एकच, तापमान. उरतात पायव्हिसा आणि पायमेझर.

माझं मत स्पष्ट सांगते: पायव्हिसा घ्या आणि त्यावर दीडशे-दोनशे ओळींचा साधा, सरळ पायथन प्रोग्रॅम लिहा. पायव्हिसा म्हणजे पायथनमधून जीपीआयबी, सिरीयल, यूएसबी किंवा लॅन केबलवरच्या उपकरणाशी बोलायचा एकच मार्ग. पायमेझर त्याच्या वरचा मजला आहे. त्यात अनेक नामांकित मीटरांचे तयार ड्रायव्हर (त्या मीटरशी बोलणारा कोड) आहेत, शिवाय ग्राफ दाखवणारी आणि प्रयोगांची रांग लावणारी खिडकी मिळते. ती पुढे घ्यावीशी वाटली तर घ्या. दोन्ही एमआयटी परवान्याखाली आहेत, म्हणजे वापरायला, बदलायला, पुढच्याला द्यायला आडकाठी नाही. पायमेझरमध्ये तुमच्या मीटरचं नाव दिसलं म्हणून मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. तो ड्रायव्हर तुमच्यासारख्याच कुण्या विद्यार्थ्यानं, त्याला लागल्या तेवढ्याच कमांड घेऊन लिहिलेला असतो. मीटरचं मॅन्युअल शेजारी ठेवून तो एकदा वाचा. वाचता येतो, हाच तर फायदा आहे.

हे मत देण्याचं कारण पायथन लोकप्रिय आहे हे नाही. तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्या विद्यार्थ्याला दोनशे ओळी एका दुपारी वाचता येतील, हे आहे. हल्ली बहुतेक अभ्यासक्रमांत थोडं पायथन असतं. नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ते अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, फुकट शिकता येतं. प्रोग्रॅममधल्या कॉमेंट मराठीत लिहिल्या तरी पायथनची काही हरकत नसते. ‘इथे अर्धा सेकंद थांबायचं, नाहीतर कंट्रोलर उत्तर देत नाही’ हे वाक्य पुढच्याला आपल्या भाषेत मिळालं तर त्याचे दोन दिवस वाचतील.

आता एक गोष्ट जी यादीतल्या दहापैकी एकाही नावापुढे लिहिलेली नसते. ‘मुक्त’ आणि ‘बंदिस्त’ यांच्यामध्ये एकच भिंत नाही, मजले आहेत. तुमचा प्रोग्रॅम मुक्त, पायव्हिसा मुक्त, पण त्याच्या खाली व्हिसा नावाची लायब्ररी लागते. उपकरण-कंपन्यांची व्हिसा लायब्ररी उतरवून घेता येते, पण तिचा कोड बंद असतो. पायव्हिसा-पाय ही पूर्ण पायथनमध्ये लिहिलेली मुक्त लायब्ररी तिच्या जागी चालते; सिरीयल आणि लॅनसाठी छान, जीपीआयबीसाठी खाली आणखी एक ड्रायव्हर हवाच. आणि तुमचं घोडं अडेल ते इथंच, जीपीआयबीच्या अ‍ॅडॉप्टरवर. जुन्या संगणकात तो आत बसवायचं कार्ड असेल, तर नव्या लॅपटॉपमध्ये ते बसणारच नाही. यूएसबी अ‍ॅडॉप्टर असेल, तर त्याचा ड्रायव्हर तुमच्या नव्या विंडोजवर चालतो का ते आधी पाहा. लिनक्सवर जाणार असाल तर लिनक्स-जीपीआयबी आहे. ते वर्षानुवर्षं वेगळं उतरवून स्वतः बांधावं लागायचं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ कर्नलपासून ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे मूळ कर्नलमध्येच आलं आहे. बजेट अगदीच नसेल तर आर्दुइनोवर बनवलेला एआर४८८ हा मुक्त अ‍ॅडॉप्टरही आहे, तुमच्या संथ रीडिंगला तो चालून जाईल. पण आधी कपाटं उघडा. बहुतेक विभागांत एखादा यूएसबी अ‍ॅडॉप्टर कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम लिहू नका. फक्त तिघांना त्यांचं नाव विचारा. स्टार, मग आयडीएन, मग प्रश्नचिन्ह, ही कमांड १९८७ च्या मानकापासून बहुतेक उपकरणांना कळते. मीटर आपली कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक सांगतो. तिघांची नावं आली की निम्मं काम झालं. उत्तर आलंच नाही तर बहुधा ओळीच्या शेवटचं चिन्ह चुकलं आहे, किंवा दोन मीटरना जीपीआयबीचा एकच पत्ता दिला आहे. उत्तराऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली तर बॉड रेट (सिरीयल बोलण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) पाहा. काही टेम्परेचर कंट्रोलरना ७ डेटा बिट आणि विषम पॅरिटी लागते, आणि आपण सवयीनं ८ आणि ‘काही नाही’ ठेवून मीटर बिघडला म्हणतो. यूएसबी-सिरीयल केबल वेगळ्या भोकात घातली की विंडोजमध्ये पोर्टचा नंबर बदलू शकतो, म्हणून त्या भोकावर रंगीत टेप लावा. मला माहीत आहे हे किरकोळ वाटतं. पण माझ्या २६ वर्षांच्या लॅबमधल्या कामात जेवढे दिवस वाया गेले, त्यातले निम्मे अशाच गोष्टींत गेले. पत्ता, बॉड रेट, पॅरिटी, शेवटचं चिन्ह हे प्रत्येक मीटरच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.

आता डेटाबद्दल. इथं मी एक स्वतःचं सांगते. एका प्रयोगशाळेत असताना मी रात्रभर चालणारं मोजमाप लावून घरी गेले. माझा प्रोग्रॅम सगळी रीडिंग मेमरीत गोळा करायचा आणि शेवटी एकदम फाईल लिहायचा. पहाटे संगणकानं आपोआप अपडेट घेतलं आणि तो रिस्टार्ट झाला. सकाळी रिकामा फोल्डर होता आणि सॅम्पलवरचे चांदीच्या पेस्टचे कॉन्टॅक्ट रात्रीतून तडकले होते. ते सॅम्पल पुन्हा मोजता आलं नाही, आणि तसं दुसरं बनवता आलं नाही. तेव्हापासून माझा नियम: रीडिंग आलं की ओळ लिहायची आणि ती लगेच डिस्कवर ढकलायची. साधी सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली) तुम्हाला पुरते. नाव तारीख-वेळेसकट प्रोग्रॅमनंच द्यावं, म्हणजे जुन्या फाईलवर नवी कधीच लिहिली जाणार नाही. वरच्या दहा ओळींत सॅम्पलचा नंबर, करंट, सरासरीची आवर्तनं, तापमानाची गती, मोजणाऱ्याचं नाव. आणि फक्त रोध लिहू नका. कच्चं व्होल्टेज, कच्चा करंट, कच्चं तापमान, प्रत्येकाची वेळ, सगळं लिहा. रोध काय, नंतर कधीही काढता येतो.

सुरक्षिततेचं मात्र वेगळं आहे. हीटरची कमाल मर्यादा टेम्परेचर कंट्रोलरमध्येच लावा, व्होल्टेजची मर्यादा सोर्समीटरमध्येच. प्रोग्रॅम बंद पडला, केबल निघाली, लाईट जाऊन आली, तरी क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं भांडं) जळता कामा नये. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरकडे देऊ नये, महागड्या सॉफ्टवेअरकडेही नाही.

आता पुन्हा सरांचा प्रश्न: ‘रेफ्रींनी विचारलं तर?’ मला तो प्रश्न फार आवडला, कारण तो उलट बाजूनंही विचारता येतो. रेफ्रींनी उद्या विचारलं की करंटची दिशा उलटवून तुम्ही उष्णतेनं निर्माण होणारं व्होल्टेज वजा केलं का, तर आज तुम्ही काय सांगाल? तांब्याची तार आणि नेहमीचं सोल्डर यांच्या जोडावर दर केल्विनला १ ते ३ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. तुमच्या थरावरचं व्होल्टेज काही दहा मायक्रोव्होल्ट असेल तर हा भाग लहान नाही. सिनियरच्या प्रोग्रॅमनं करंट उलटवून सरासरी घेतली की नाही? तापमान आधी वाचलं की व्होल्टेज? दोन्हींमध्ये किती वेळ गेला? मिनिटाला २ केल्विन चढताना १ सेकंदाचा उशीर म्हणजे ०.०३ केल्विन, पण मीटर ६ सेकंद सरासरी घेत असेल तर ०.२ केल्विन. संक्रमण-तापमान दशांशात छापणाऱ्या पेपरमध्ये हे विचारलं जाऊ शकतं. आणि ती ईएक्सई यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. सहा वर्षं तुमच्या लॅबचे पेपर अशा मोजमापावर निघाले आहेत की ते नेमकं कसं झालं हे आज लॅबमध्ये कुणालाच सांगता येत नाही. मी हे दोष द्यायला लिहीत नाही, त्या पेपरांत काही चूक असेल असंही म्हणत नाही. पण सरांना ज्या भरवशाची काळजी आहे, तो आत्ताही तुमच्या हातात नाही.

हे त्यांना वाद घालून पटवू नका. मोजून दाखवा. एक चांगला १०० ओहमचा स्टँडर्ड रेझिस्टर घ्या आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रोग्रॅमनी मोजा. मग ज्याचा आलेख सरांना पाठ आहे असं एक जुनं सॅम्पल निवडा. एकाच दिवशी, एकाच माउंटिंगवर, एकदा जुन्यानं आणि एकदा नव्यानं चढ-उतार दोन्ही घ्या आणि आलेख एकावर एक ठेवून सरांच्या टेबलावर न्या. जुळले तर बोलायची गरज पडणार नाही. नाही जुळले तर त्याहून बरं: फरक कुठून आला ते सरांसोबत बसून शोधा. सरांइतकं त्या क्रायोस्टॅटला ओळखणारं दुसरं कुणी लॅबमध्ये नाही, आणि हे काम त्यांच्या पाठीमागून न होता त्यांच्यासोबत झालं तर ते टिकेल.

सहा महिने? नाही. तीन आठवडे ठरवा आणि कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहा. पहिल्या आठवड्यात तिघं बोलते करायचे, दुसऱ्यात लूप आणि फाईल, तिसऱ्यात तुलना. सुंदर खिडक्या, बटणं, रंगीत दिवे यांच्या नादी लागू नका. वेळ तिथेच जातो. आणि मोठ्या बहिणीसारखं एक सांगते. हे काम जमलं की शेजारच्या दोन लॅब तुम्हाला बोलावतील, मग प्रिंटर बिघडला तरी तुम्हालाच हाक येईल. विशेषतः मुली नाही म्हणायला संकोचतात आणि चौथ्या वर्षी लक्षात येतं की आपला तिसरा पेपर झालाच नाही. सुरुवातीलाच सरांशी बोला: हा प्रोग्रॅम माझ्या थीसिसच्या प्रायोगिक पद्धतीच्या प्रकरणात परिशिष्ट म्हणून जाईल, दुसऱ्या कुणी वापरला तर आभारात उल्लेख व्हावा, आणि इतरांची दुरुस्ती आठवड्यातून एक ठरलेली दुपार. तुमच्या श्रमाचा हिशेब हाही त्या ‘फुकट’ सॉफ्टवेअरच्या किमतीत धरायचा असतो. तो धरल्यावरही तुमच्या बाबतीत गणित मुक्तस्रोताच्या बाजूनं जातं, असं मला वाटतं.

हे वाचणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकांसाठी दोन ओळी, कारण त्यांचीही पत्रं येतात. तुम्हाला संशोधनाचे मीटर चालवायचे नाहीत, पदवीच्या प्रॅक्टिकलला संगणक जोडायचा आहे. त्यासाठी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रानं फीनिक्स प्रकल्पातून विकसित केलेलं एक्सपआईज पाहा. हातात मावणारा डबा आहे, त्याचं डिझाइन आणि सॉफ्टवेअर दोन्ही मुक्त आहेत, पायथनमधून चालतो, आणि लंबकापासून आरसी सर्किटपर्यंतचे प्रयोग त्यावर लिहून तयार आहेत. तिथे पायव्हिसाच्या वाटेला जायची गरज नाही.

आणि ज्यांच्याकडे एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र) किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असं मोठं यंत्र कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरसकट आहे, त्यांनी ते सॉफ्टवेअर बदलायच्या फंदात पडू नये. कच्चा डेटा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढता येतो का एवढं पाहावं आणि प्रत्येक वेळी काढून ठेवावा. पण पुढच्या खरेदीच्या वेळी जागे राहा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किंवा निविदेत तांत्रिक अटी लिहिताना ‘दूरस्थ नियंत्रणाच्या सर्व कमांडचं मॅन्युअल यंत्रासोबत मिळावं, लॅन किंवा यूएसबी जोडणी असावी’ ही ओळ घाला. त्या वेळी ती ओळ फुकट असते. यंत्र बसल्यावर तेच मागायला गेलं की वेगळं कोटेशन येतं.

तुमच्याकडे परत येते. प्रोग्रॅम तयार झाला की तो गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, विभागाच्या खात्यावर, तुमच्या वैयक्तिक खात्यावर नाही. पायथनची आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती एका फाईलमध्ये लिहा. एक छापील प्रत लॅबच्या रेकॉर्डबुकात चिकटवा. मग सर्वांत नव्या ज्युनियरला बोलावून सॅम्पल लावण्यापासून ग्राफपर्यंत सगळं त्याच्याकडून करून घ्या. तुम्ही शेजारी बसायचं आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. तो जिथे अडेल ती जागा कॉमेंटमध्ये लिहायची.

यातलं काहीही सुरू करण्याआधी मात्र उद्या सकाळी एक बाहेरची डिस्क घेऊन जा आणि त्या घरघरणाऱ्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढा, फक्त ईएक्सईची नको. सिनियरच्या जुन्या फोल्डरमध्ये मूळ फाईल कुठेतरी पडलेली असू शकते. नसली तरी तुलनेसाठी तो जुना प्रोग्रॅम तुम्हाला अजून तीन आठवडे जिवंत हवा आहे. आणि त्या सिनियरचा नवा ईमेल सरांकडे असेल, त्याच्या पेपरांवर तर नक्कीच असेल. त्याला लिहा. करंट उलटवला होता का, एवढंच विचारा.